बोनेट नसलेली जीप

बालाघाटच्या दवाखान्यात माझ्या बाजूला ओलाचिंब म्हातारा बसला होता. त्याच्याच लालबर्रा गावचा कोणी ओळखीचा त्याला विचारत होता.

"डोमाजी, एवढ्या पान्यात सुनेले त्या उघड्या इंजिनाच्या जीपमधी आनलं?"

"मंग काय करू? कळा सुरू झाल्या, दवाखान्याची मोटर आलीच नाही. पोरगा गाडी चालवे. जीपचा वरचा टप फाटका, म्हून मी सुनेवर छत्री धरली. तीन मैलावर इंजिनात पानी गेलं, गाडी बंद!"

"अरे बापा! मंग?"

"सूनच वरडली, 'मामाजी, मी भिजली तं मरत नाही. छत्री इंजिनावर धरा!' इंजिन पुसलं, मडगार्डवर बसलो, इथवर छत्री धरली."

"आता कशी हाये?"

"नात झाली. दोघी बऱ्या हायेत."

"आता तरी बोनेट बसवा."

"काहून? थे पाहा पोर्चमधी. गरम इंजिनावर नातीचे लंगोट वाळून राह्यले."