पहाटेची पावडर

(कामठीजवळ, कन्हान नदीच्या पात्रातली डांगरवाडी, म्हणजे खरबुजांची वाडी. फेब्रुवारी १९७६, सोमवार, सकाळचे दहा.)

मधुकरराव : मागच्या सोमवारी सकाळी सहाला वेलांवर भुंगेरे मारायची पावडर टाकली आणि ऊन यायच्या आत मधमाश्या मेल्या. असंच ना, प्रयागबाई?

प्रयागबाई : असंच, सायेब. पह्यले दोन-चार दिसल्या. मंग वाळूवर पाय ठेवाले जागा नव्हती. त्या बाभळीवर मोहोळ होतं, ते रिकामं झालं.

मधुकरराव : मी संध्याकाळी टाका म्हटलं होतं. फुलं मिटल्यावर.

प्रयागबाई : म्हटलं होतं.

मधुकरराव : मग?

प्रयागबाई : दिवे लागल्यावर आमी वेलाले हात नाही लावत. वेल झोपते. लग्नाच्या पह्यल्या सालीच सासूनं बजावलं होतं.

मधुकरराव : हे मला त्याच वेळी सांगायचं.

प्रयागबाई : तुमी शेतकी खात्याचे, सायकलवर एवढ्या दुरून येता. तोंडावर नाही कसं म्हणाव? मनात म्हटलं, सांज काय न् पहाट काय, ऊन तं दोन्ही वक्ताले नसते.

मधुकरराव : पहाटे फूल उघडतं, बाई. माशी तेव्हाच येते.

प्रयागबाई : आता समजलं.

धोंडबा : वयनी, माह्या वाडीचं सांगतलं का सायेबाले? का आपलंच रडून राहिली?

मधुकरराव : हे कोण?

प्रयागबाई : माह्या मालकाचा धाकला भाऊ, धोंडबा. मालक गेले, तवापासून ही वाडी माही, खालची त्याची.

धोंडबा : माशी काही हद्द पाहून उडत नाही सायेब. मेल्या हिच्या वेलावर, फुलं गळून राहिली माही. म्या राखेशिवाय वेलावर कधी काही टाकलं नाही.

मधुकरराव : गेल्या साली तुमची डांगरं पाणचट निघाली होती, यांची गोड.

धोंडबा : निघाली. मी कुठं नाही म्हणतो?

प्रयागबाई : खड्ड्यात शेणखतासंग तेल काढल्यावरची एरंडीची ढेप टाका म्हणले तुमी, टाकली. युरिया बुडापासून वीतभर दूर, तसाच देल्ला. वेलाले दोनच फळं ठेवली, बाकीची खुडून टाकली. तोडाच्या आठ दिवस आधी पाणी बंद केलं. नागपूरच्या बाजारात लोकं विचारत, कन्हानची प्रयागबाई आली का? म्हणून तं यंदाबी आयकलं.

धोंडबा : निम्मं आयकलं.

मधुकरराव : मीही विचारायला हवं होतं.

धोंडबा : कोणी काही विचारलं नाही, सायेब. आमीबी नाही विचारलं. काल सारे वाडीवाले बसले अन् ठरवून टाकलं. दसऱ्याले पुढच्या सालाचे वाळूचे वाटे पडतीन, तवा पाण्याजवळचा वाटा हिले नाही. वर, खडकाकडं देऊ.

प्रयागबाई : तिथं काकडीबी येत नाही. हा वाटा तुह्या भावानं बहात्तरच्या दुष्काळातबी सोडला नाही.

धोंडबा : भाऊ पहाटे पावडर टाकत नव्हता.

मधुकरराव : ते दसऱ्याला बघा. आता फुलांचं बोला. माश्या नाहीत, तर पराग हातानं लावायचे. नरफूल खुडायचं, पाकळ्या काढायच्या, मादीफुलाच्या मधोमध हलकं टेकवायचं. गुरुवारी दाखवलं होतं. चालू आहे ना?

प्रयागबाई : रोज. मी अन् सून प्रेमलता. दोघीच हाओत. ऊन चढलं का फूल कोमावते, तवरिक होते तेवढं होते.

मधुकरराव : धोंडबा, तुमच्या घरच्या बायका शिकल्या तर दोन्ही वाड्या उरकतील.

धोंडबा : माही बायको म्हणे, जाऊन पाहतो. म्या म्हटलं, जाऊ नको.

मधुकरराव : का हो?

धोंडबा : जी चूक करते तिच्यापासूनच शिकाव, असं कुठं असते?

प्रयागबाई : तिले पाठवू नको मंग. मी येतो. उद्या पहाटे पह्यले तुह्या वाडीत, मंग माह्या.

धोंडबा : नको वयनी. तुहा हात नको आता माह्या वेलाले.

मधुकरराव : फार तर आठवडाभर फुलं आहेत तुमची. त्यानंतर धरलेलं फळ कडक उन्हाळ्याच्या आत तयार होणार नाही.

धोंडबा : माहीत हाये.

मधुकरराव : बाई, गुरुवारच्या फुलांना खुणेचा दोरा बांधा म्हटलं होतं. ती पाहिली?

प्रयागबाई : सकाळीच पाहिली. चाळीस होती. तेवीस पिवळी पडून गळली. नऊ धरली, बोराएवढी झाली. बाकी आठायचं अजून काही सांगता येत नाही.