पोरगी नापास करा हो, मॅडम!

…नाय, आता तुम्हीच सांगा, पोरगी तपासणीत फाडफाड वाचून बाहेर आली म्हणून बापानं डोकं धरून बसावं का? मी बसलो! मांडीवर पेढ्यांचा पुडा, अन् डोकं हातात! तुम्हाला सांगतो, गारखेड्यात पंचवीस वर्षं पाण्याच्या मोटारी वाइंडिंग करतोय, पण जळक्या मोटारीतून इतका धूर नाय बघितला, जेवढा त्या दिवशी आमच्या रत्नमालाच्या… म्हणजे आमच्या मंडळींच्या नाकातून निघाला!

झालं काय, आमची श्रेया नववीत. लई हुशार. एकदा कानावर पडलं की गेलं आत, कायमचं. पण कागद समोर धरला की अक्षरं म्हणे मुंग्यांसारखी पळतात. शाळेत नव्या विशेष शिक्षिका आल्यात, त्यांनी बोलावलं. "पालक, मुलीची वाचनाची तपासणी करून घ्या. प्रमाणपत्र मिळालं तर दहावीला तासामागं वीस मिनिटं जादा, वर लिहून द्यायला लेखनिक. नाही मिळालं, तर सगळं येत असून पेपर कोरा राहील." मग काय, पोर्टल, ओटीपी, फॉर्म… पहिला फॉर्म, दुसरा फॉर्म, अन् पहिले दोन भरले का नाय ते विचारणारा तिसरा फॉर्म! तेव्हा मला आठवले छावणीच्या शाळेतले आमचे मास्तर. फारूख मास्तरांना फॉर्म लागत नव्हता!

काय माणूस होता! खिशात खडू, त्यामुळं खिसा कायम पांढरा. मी चौथीत. धडा वाच म्हटलं की माझी बोबडी वळायची. एक दिवस मास्तर जवळ आले, वाकून बघितलं. "क्या मियाँ, हरफ नाचते क्या?" मी म्हटलं, "हौ सर, नाचते." "नाचने दो. अपन पकडेंगे उनको." दुसऱ्या दिवशी घरून परात आणली, वाळू भरली, माझं बोट धरून त्यात 'क' काढला. माझ्या पाठीवर बोटानं 'ख' काढला. अजूनबी 'ख' लिहिताना पाठीला गुदगुल्या होतात, खोटं नाय सांगत! अन् परीक्षा? हापशीवर! मी दांडा हाणायचा, मास्तर प्रश्न विचारायचे, मी उत्तर द्यायचं, मास्तर मार्क द्यायचे. चाचणीला दोन बादल्या, सहामाहीला हौद, अन् वार्षिकला… तुम्हाला खोटं वाटंल… वार्षिकला मी इतकं हाणलं की खाम नदीला पाणी आलं! कुठलं पोर्टल अन् कुठला ओटीपी? फारूख मास्तरांना फॉर्म लागत नव्हता!

तर तपासणी. आता आपल्याकडं परीक्षा म्हटली की तयारी आलीच का नाय? पुंडलिकनगरात आमच्या गल्लीत सार्थक म्हणून पोरगा आहे, त्याची तपासणी गेल्या साली झालेली. त्याला गाठला, सामोसा चारला, "काय काय वाचायला देतात रे?" त्यानं सगळं सांगितलं. हत्तीचा उतारा, विहिरीचा उतारा, पोस्टमनचा उतारा! पंधरा दिवस दुकानात बसवून श्रेयाकडून घोकून घेतलं. आईला पत्ता नाय. म्हटलं, सरप्राइज देऊ!

तपासणीच्या दिवशी दाराला कान लावून उभा होतो. आतून हत्ती असा धडधडत आला की काय सांगू! तपासणीच्या मॅडम दारात येऊन म्हणाल्या, "छान वाचते हो मुलगी." मी पळत जाऊन पेढे आणले, पहिला पेढा रत्नमालापुढं धरला.

"अहो, कसले पेढे?"

"पास झाली! पंधरा दिवस पाठ करून घेतलं मी!"

"पास? अहो, अडखळली असती तर सवलत मिळाली असती तिला! वाचता येतं म्हणून लिहून देतील आता! कुठं नेऊन घातली माझी पोरगी तुम्ही?"

अन् श्रेया, खाली मान घालून, "पप्पा, मला वाटलं तुम्हाला मी पास झालेलीच पायजे."

पेढा तोंडात फिरंना हो. डोळ्यापुढं आमच्या छावणीच्या शाळेतला कडुबा आला. माझ्याच वयाचा, माझ्यासारखीच त्याचीबी अक्षरं नाचायची. पण तो भिंतीपल्याडच्या वर्गात, दुसऱ्या मास्तरांकडं. तिथं वाळू नाय, हापशी नाय, नुसती छडी. सातवीत शाळा सुटली त्याची. फारूख मास्तरांना फॉर्म लागत नव्हता, व्हय, पण फारूख मास्तर एकच होते. भिंतीपल्याडच्या पोरानं काय करायचं?

घुसलो आत! "मॅडम, हात जोडतो, माझी पोरगी नापास करा हो!" सगळं कबूल केलं. मॅडम हसल्या. "अहो, कागदावर ओळी चार होत्या, तुमच्या मुलीनं सात वाचल्या. तेव्हाच मी पुन्हा तपासणी लिहिलीय."

सार्थकला जास्तीचं पाठ होतं म्हणायचं!

मॅडमनं त्या दिवशीचं वर्तमानपत्र काढून पुढं ठेवलं. श्रेया पहिल्या ओळीत अडकली. बोट ठेवलं, उचललं, परत ठेवलं. घाम आला पोरीला. एका ओळीला किती वेळ गेला, मी मोजला नाय. पण तिनं ओळ सोडली नाय. पोरगी अडखळायलीय अन् बापाचा जीव भांड्यात पडायलाय, असं कुठं बघितलंय का तुम्ही?

प्रमाणपत्राचं काम झालं. आता शेवटचा, चौथा फॉर्म. मॅडमनं विचारलं, "घरात आणखी कुणाला वाचायला त्रास?"

"छे! मी जरा चष्मा विसरलोय म्हणून हिच्याकडून भरून घेतो."

"चष्मा तुमच्या कपाळावर आहे."

रत्नमाला भिंतीकडं बघून हसायली. मॅडम म्हणाल्या, "तुम्हीही करून घ्या की तपासणी."

"या वयात? मला काय मिळणार?"

"मुलीला मिळतं तेच. तासामागं वीस मिनिटं जादा!"

तशी रत्नमाला खुर्चीतून उठलीच. "नको हो मॅडम, पाया पडते! ह्यांच्या बडबडीचा आहे तोच तास आम्ही कसा काढतो, आमचं आम्हाला माहीत!"

तर… थांबतो आता. काय करणार, सर्टिफिकेट नाय ना आपल्याकडं!