राखेतली दोन टोकं

हॅलो?… हॅलो, मधू? हाव, मीच केले होते तीन मिस कॉल… नाही गा, तब्येत ठणठणीत आहे माही. तू पहिले व्हॅन बाजूले लाव. शाळेची पोरं उतरली नं सारी?… मंग ऐक.

घरी नाही, निवाऱ्यात आहे… अरे बाप्पा, बेघर लोकांचा निवारा! रोज येते नं मी इथं… नाही भेटत पैसे, माहीत आहे तुले, दरवेळी काय विचारतं? रिटायर झाल्यावर घरी बसून काय भिंती पाहू?

ऐक नं. बाबांचा धोटा आहे नं तुह्या देव्हाऱ्यात?… हाव, तोच, हातमागावरचा. तो मले पाहिजे. आजच. अकराच्या बसनं उमरेडहून निघ अन् घेऊन ये.

…कायले म्हणजे? पाहिजे आहे… प्रदर्शन-बिदर्शन काही नाही… माहीत आहे गा, दसऱ्याले तू हळदकुंकू वाहतं त्याले. मी काय विकून टाकणार आहे का?… मधू, उगाच डोकं नको खाऊ माहं. मोठी बहीण कधी नाही ते काही मांगून राहिली तर…

बरं. सांगते. पण मधात बोलू नको.

इथं एक बुढा आहे… नाव नाही सांगत. महिना झाला, नाव विचारलं की भिंतीकडे तोंड. आम्ही काकाच म्हणतो. त्याच्यापाशी एक पिशवी, उशाले घेऊनच झोपते. कोणाले हात लावू देत नाही. तर रविवारी इथं आंग धुवायचा वार. गिझर बिघडला, म्हणून मी जुना बंब पेटवला. अन् माहा सफाईचा सोस तुले माहीत आहे… हसू नको!… काका साबण घेऊन लाइनीत उभे. मी म्हटलं, तेवढ्यात पिशवीबी धुवून काढू. सारी उलटी केली. चिंध्या बादलीत. अन् चिंधीत गुंडाळलेलं एक लाकूड होतं, तेल पिऊन पिऊन काळं झालेलं… ते मी बंबात टाकलं.

…

हॅलो? आहे का गा?

हाव. धोटाच होता तो.

नाही ओळखलं, मधू! चष्मा कपाळावर, अन् तोंडानं हुकूम चालू, हे उचला, ते घासा… धोट्याच्या खटखटीशिवाय झोप नाही लागत होती आपल्याले लहानपणी. अन् मलेच नाही ओळखू आला… रडून नाही राहिली मी, सर्दी झाली… हाव, रडून राहिली, मंग?

दुसऱ्या दिवशी समजलं. बंबातली राख काढली तर दोन लोखंडी टोकं निघाली. हातात घेतल्याबरोबर ओळखली. तुले आठवते, बाबा धोट्याले तोंड लावून आतून सूत ओढत, तर आई म्हणे, पोरांचा नाही घेतला कधी एवढा मुका… हाव नं… हाव…

नाही सांगतलं त्याले! तेच तर सांगून राहिली तुले. रविवारी सांजच्याले त्यानं विचारलं, बाई, माह्या पिशवीतली वस्तू पाहिली का? तवा मले खरंच माहीत नव्हतं. म्हटलं, चला, शोधू. टॉर्च घेऊन साऱ्या खाटांखाली पाहिलं. मंगळवारी त्यानं परत विचारलं. तवा टोकं माह्या पदरात बांधली होती मधू. अन् तरी मी टॉर्च घेतला… हाव, शोधलं! वाकून वाकून शोधलं!… दे, शिव्या दे. माह्या लायकीच्याच आहेत.

तवापासून जेवला नाही तो. दोन दिवस नुसता चहा. अन् आज पिशवी बांधली. चाललो म्हणते… कुठं काय कुठं? रस्त्यावर! थंडी पाहून राहिला नं तू? मागच्या महिन्यात बस स्टॉपवरून आणला होता त्याले, तवा जबडा आखडला होता थंडीनं, बोलता नव्हतं येत. आता गेला तर वाचत नाही गा तो. माह्यामुळं जाईल.

म्हणून म्हटलं, बाबांचा धोटा गुपचूप त्याच्या पिशवीत ठेवून देईन. सापडला काका, म्हणून सांगीन…

काय?… कसा ओळखेल? धोट्यासारखा धोटा… हं… हाव, बाबांनी अंधारात हात लावून सांगतलं असतं, हा आपला नाही म्हणून… खरं आहे तुहं.

सांगून देऊ?… कोणत्या तोंडानं गा?… तुले सोपं आहे म्हणायले, व्हॅनमध्ये बसून!… बरं. बरं म्हटलं नं! फोन नको ठेवू. चालूच राहू दे. अन् चूप राह्य.

काका… ओ काका, थांबा जरा. चप्पल मंग घाला. हात करा इकडे… हे घ्या. तुमच्या धोट्याची आहेत. मी जाळला तो. कोणी चोरला-बिरला नाही, मीच बंबात टाकला माह्या हातानं. अन् मंगळवारी माहीत असून खोटं शोधलं तुमच्यासंग. चुकलं माहं काका…

…

…

मधू? आहे नं?… अरे, त्याले माहीत होतं!… पहिल्या दिवसापासून! लाइनीतून पाहिलं म्हणते त्यानं. हाक मारेपर्यंत पेटला होता म्हणते… अन् मी खाटेखाली शोधून राहिली, तर तोबी माह्यासंग वाकून शोधून राहिला होता गा!… विचारलं नं, काहून नाही बोलले म्हणून. तर म्हणते, तू सांगतं का ते पाहून राहिलो होतो बाई.

थांब, काही विचारून राहिला… मी? उमरेडची काका. मारोतराव कोष्ट्याची पोरगी… हाव, माग होता घरी…

माय वं! मधू, हसून राहिला गा तो! कोष्ट्याची पोरगी अन् तुले धोटा नाही ओळखू आला, म्हणते… पाणी मात्र मस्त तापलं होतं त्या दिवशी, म्हणते… तू नको हसू! त्याले हक्क आहे, तुले नाही.

बाबांचा धोटा?… विचारलं, नको म्हणते. तुह्या बापाचा आहे, देवापाशीच राहू दे, म्हणते. टोकं ठेवली त्यानं खिशात… नाही, तू ये. रिकाम्या हातानं ये, पण ये. मागावरचं बोलायले कोणी तर पाहिजे त्याले.

चल, ठेवते आता. वरण गरम करायचं आहे… त्याच्याचसाठी. बसला गा तो ताटावर… हाव. अन् इथं आला की काका-बिका नको म्हणू. बाबाराव म्हणजो. आत्ताच सांगतलं त्यानं.