तेरा साते

हसू नका बायांनो, पण त्या दिवशी मी शाळेतून पळतच सुटली. त्या साली कपाशीच्या फवारणीनं माणसं दवाखान्यात पडून होती, अन् वावरातून आल्यापासून माझ्या पिंकीलेही ताप होता. तिले सासूबाईजवळ निजवून मी तिची सुट्टी सांगायले शाळेत गेली, तर वर्गात पिंकीचाच आवाज तेराचा पाढा म्हणून राह्यला होता.

"घाबरू नका ताई," सर म्हणाले, "मागच्या हप्त्यात पोरांचे पाढे मोबाइलात भरले, आता स्पीकरवर लावतो."

"बंद करा सर. लेकरू तापात पडलं असताना त्याचा आवाज असा बाहेर ठेवू नये."

पाढा "तेरा साते"वर आला अन् सरांनी बटण दाबलं.

घरी पिंकी डोळे मिटून पडली होती. मी कपाळावर हात ठेवला, तशी ती हळूच म्हणाली, "एक्क्याण्णव."