चाळीस गावं आणि एक आडनाव

कॉल सेंटरमध्ये मी किम होता होता राहिले, माहितीये? ट्रेनिंगला इंग्लंडातल्या चाळीस गावांची नावं पाठ करायची होती. एक चुकलं की घरी. लिहायचं ‘चोल्मोंडेली’, म्हणायचं ‘चमली’! विश्रांतवाडीच्या बसमध्ये मी रोज पुटपुटायचे.

परीक्षेत चाळीसपैकी चाळीस. लंडनहून आलेले साहेब खूश. म्हणाले, “उत्तम! पण प्रज्ञा कांबळे फार अवघड आहे. आजपासून तू किम.”

मी म्हटलं, “सर, तुमची चाळीस नावं मी आठवड्यात शिकले. माझं एकच आहे, आणि त्यातलं सगळं म्हणायचं असतं.”

साहेबांनी तीनदा प्रयत्न केला. ‘ळ’ काही येईना.

शुक्रवारी साहेब घरी गेले. मी राहिले, प्रज्ञा कांबळेच.