पिठाच्या डब्यामागचं लोणचं

अमळनेरहून चोपड्याची बस सुटली, तशा पुढच्या बाकावरच्या आजी शेजारच्या नव्या सुनेशी बोलू लागल्या.

“मांडीवर काय शे, बेटी?”

“लसणाचं लोणचं. सासरी पहिल्यांदाच घातलं आणि लिंबाच्या रसात लसूण हिरवा पडला. गुपचूप आईला दाखवायला नेतेय.”

“लिंबूमा लसूण हिरवा व्हसच. आन, चाखू दे... बेस शे! पन बरणी अर्धीच कशी?”

“अर्धी? काठोकाठ होती हो! हिरवा दिसला तशी पिठाच्या डब्यामागं लपवली होती.”

“पीठ कोन काढस?”

“सासूबाई.”

“मंग?”

“...कंडक्टरदादा, पुढच्या थांब्यावर उतरवा मला.”

“मायले भेटाले नही जास का?”

“जेवायची वेळ झाली, आजी. सासूबाई डब्यामागं शोधत असतील.”