डाव्या बुटातली भीती

(तिसरीच्या वर्गाबाहेरचा व्हरांडा. मुख्याध्यापक सर आणि वर्गाच्या बाई. भिंतीशी मुलांच्या बुटांची सरळ रांग.)

बाई: हळू बोला सर, आत मुलं डोळे मिटून बसलीत. हे बूट कुणी लावले असे?

सर: मी लावले. थोड्या वेळात पाहुणे येतायत आणि तुमच्या वर्गाबाहेर हा बाजार मांडलेला. लहान-मोठे बघून ओळीत ठेवले. आणि काय हो बाई, प्रत्येकाच्या डाव्या बुटात मोजा कोंबलेला. सगळे बाहेर काढले, बूट झटकले, मोज्यांच्या घड्या घातल्या.

बाई: सगळे झटकलेत?

सर: एकूण एक. आभार मानायचे सोडून तोंड का पाडलंत?

बाई: अहो सर, त्यात मुलांची भीती होती.

सर: काय होती?

बाई: चाचणीआधी आम्ही बूट काढतो. ज्याने त्याने आपली भीती डाव्या बुटात सांगायची, हळूच, शेजारच्याला ऐकू जाणार नाही अशी. वरून मोजा कोंबायचा, म्हणजे पेपर होईस्तोवर ती बाहेर येत नाही. मग आत जाऊन गार फरशीवर पाय टेकायचे, बोटं हलवायची, गरम दुधावर फुंकर घालतो तसा श्वास सोडायचा. तेवढं झालं की पेपर उलटायचा.

सर: आणि उजव्या बुटात?

बाई: उजवा रिकामाच. दोन्ही बूट भरतील एवढी भीती कुणाचीच नसते.

सर: बाई, आम्ही घाबरत घाबरतच पास झालो. काही बिघडलं नाही आमचं.

बाई: आमची मुंगी नाही ना होत तशी. वर्गात सगळ्यात लहान चणीची ती. गणितं तोंडी विचारा, फटाफट सांगते. पेपर समोर आला की हात थरथरतो, पेन्सिल धरवत नाही. मागच्या दोन्ही चाचण्या कोऱ्या दिल्या तिने. आजचाही कोरा आला तर दुसरीत बसवायचं, हे तुम्हीच म्हणालात.

सर: म्हणालो खरा.

बाई: काल सरावाला बूट काढून बसली आणि पहिल्यांदा पानभर लिहिलं. मला रडूच आलं हो. आणि आज तुम्ही येऊन झाडलोट केलीत.

मुंगी (दारातून डोकावत): बाई, मी एकदा बघू? मोजा नीट कोंबलाय का ते.

बाई: मुंगे, तू आत बस. मी बघते.

मुंगी: माझा बूट इथे नव्हता. हा बघा, इथे आलाय. बाई, मोजा बाहेर आहे. घडी केलीये त्याची.

बाई: अगं, काय झालं माहितीये का...

सर: मी काढला गं. मला माहीत नव्हतं.

मुंगी: मग ती कुठे गेली?

सर: ती ना... मला वाटतं, मलाच लागली.

मुंगी: उगाच म्हणताय.

सर: हा हात बघ.

मुंगी: थरथरतोय.

बाई: सर, खरंच थरथरतोय.

सर: पाहुण्यांपुढे भाषण आहे, बाई. दर वर्षी होतं. टेबलाखाली लपवतो.

मुंगी: ही माझीच आहे. माझी पण हातातच येते. सर, बूट काढा.

सर: आत्ता?

मुंगी: पाहुणे आल्यावर काय उपयोग? डावा आधी. आता त्यात सांगा. मी नाही ऐकत, कान झाकलेत.

सर: झालं सांगून. बाई, हसू नका.

मुंगी: आता बोटं हलवा. गार लागते ना फरशी? आता फुंकर. एवढी जोरात नाही, दूध सांडेल.

सर: अशी?

मुंगी: हां. हात दाखवा. थांबला. आता माझा बघा.

सर: तुझाही थांबलाय की गं.

बाई: जा राणी, पेपर उलट.

मुंगी: जाते. सर, मोजा कोंबा वरून. नाहीतर येते ती परत.

सर: कोंबतो. जा तू. बाई, दारातून दिसतेय का? लिहितेय का ती?

बाई: थांबा. पेन्सिल उचलली. नाव लिहिलं.

सर: नाव मागेही लिहिलं असेल.

बाई: नाही, नावसुद्धा नव्हतं. सर, पहिलं गणित झालं. दुसरं. अहो, खाली मान घालून सुटलीये नुसती.

सर: बाई, डोळे पुसा आधी.

बाई: तुम्ही तुमचे पुसा. आणि बूट घाला आता, पाहुणे फाटकाशी आलेत.

सर: आधी मुंगीचा पेपर होऊ दे.

बाई: मग भाषणाला काय अनवाणी जाणार?

सर: जाईन की. त्या बुटात आम्हा दोघांची आहे.